पडद्याची मागली बाजू

संग्रामपूरला जाऊन येतो, असे दादरमध्ये कुणालाही सांगितले की समोरचा गृहस्थ हटकून विचारतो, “संग्राम कुठला?” त्याला पानिपत ठाऊक असते, हळदीघाट ठाऊक असते, ही तिसरी लढाई आपल्या नजरेतून कशी सुटली, याची त्याला काळजी वाटू लागते. लढाई वगैरे काही नाही, ती माझी सासुरवाडी आहे, असे मी सांगतो. “मग नाव बरोबर आहे,” असे म्हणून तो हसतो. हा विनोद मी गेली पस्तीस वर्षे ऐकत आलो आहे आणि दर वेळी तो नव्यानेच सुचल्यासारखा लोक करतात.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. संग्रामपूर घाटाखाली, अगदी उत्तरेच्या टोकाला. गावाच्या उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते आणि दक्षिणेला पूर्णा नदी वाहते. तालुक्याचे ठिकाण असले तरी प्रवासवर्णनात सापडणारे हे गाव नव्हे. शेगावला येणारे लाखो भाविक श्रीगजाननमहाराजांच्या समाधीवर माथा टेकून, प्रसाद घेऊन आणि शेगावची कचोरी बांधून घेऊन परत फिरतात. पूर्णा ओलांडून पुढे यावे असे त्यांतल्या फार थोड्यांना वाटते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मीही लग्न झाले नसते तर आलो नसतो.

यंदाच्या दिवाळीला मात्र मी निघालो तो डोक्यात सिनेमा भरून. त्याला कारण माझी नात. तिला शाळेने सुट्टीत ‘आपल्या शहराचा वारसा’ या विषयावर वही करायला सांगितली होती. किल्ले आणि लेणी वर्गातल्या इतर मुलांनी आधीच वाटून घेतली होती, म्हणून हिच्या वाट्याला सिनेमा आला. आता मुंबईत सिनेमाचा वारसा शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर दादासाहेब फाळके मार्ग आहे. त्या वेळी त्याला दादर मेन रोड म्हणत. तिथल्या एका बंगल्यात फाळक्यांनी १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रण सुरू केले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांना दाखवला. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला त्यांनी साडी नेसवली. ही गोष्ट आपण सर्व जण मोठ्या गमतीने सांगतो. सरस्वतीबाई फाळके दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करून रात्री अंधारात फिल्मला भोके पाडत बसत, ही गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. नातीने वहीत दोन्ही लिहिल्या. दुसरी लिहिताना तिने विचारले, “मग पडद्यावर त्यांचं नाव आलं का?” मी म्हटले, पुढे लिही.

मग आम्ही पेडर रोडला भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय पाहिले. १९ जानेवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात गुलशन महाल नावाची एकोणिसाव्या शतकातली देखणी वास्तू आहे आणि तिच्या शेजारी काचेची नवी इमारत. जुन्या महालात सिनेमाचा इतिहास मांडला आहे. नव्या इमारतीत चार मजले, त्यांपैकी एक सबंध मजला गांधीजी आणि सिनेमा यांच्यासाठी. ज्या महात्म्याने आयुष्यात ‘रामराज्य’खेरीज हिंदी चित्रपट पाहिल्याचे ऐकिवात नाही, आणि ज्याला या करमणुकीबद्दल काडीचे प्रेम नव्हते, त्याच्या वाट्याला पुरा मजला यावा यात काही तरी काव्यगत न्याय असलाच पाहिजे.

पण नातीचा जीव रमला तो मुलांच्या मजल्यावर. तिथे यंत्रांची करामत आहे. कॅमेरा, प्रकाश, अभिनय ही सर्व प्रकरणे हाताळून पाहता येतात. आरशासारख्या पडद्यासमोर उभे राहिले की आपल्याच चेहऱ्यावर भलताच साज चढतो. आमच्या लहानपणी संग्रहालय म्हणजे ‘हात लावू नये’ अशी पाटी. इथे हात लावल्याशिवाय काही घडतच नाही. या गोष्टीची मला फार मौज वाटली. पुढे वांद्र्याला जाऊन आम्ही भिंती पाहिल्या. रणजित दहिया नावाच्या हरियाणाच्या चित्रकाराने २०१२ साली वांद्र्याच्या जुन्या गल्ल्यांतून हिंदी सिनेमाची भव्य भित्तिचित्रे काढायला सुरुवात केली. चॅपेल रोडवर १९५३ सालच्या ‘अनारकली’चे चित्र काढले, आणि २०१४ साली तर रेक्लमेशनजवळच्या टेलिफोनखात्याच्या इमारतीची सबंध बाजू घेऊन तिच्यावर दादासाहेब फाळके रंगवले. एके काळी मुंबईचे सगळेच सिनेफलक असे हाताने रंगवले जात. हुसेनसारखा चित्रकार १९३०च्या दशकात त्या फलकांच्या परातीएवढ्या डोळ्यांवर हात घोटून वर आला. मग १९९०च्या सुमारास संगणकावर छापलेले फ्लेक्स आले आणि रंगारी घरी बसले. जे यंत्राने पुसले ते भिंतीवर पुन्हा हाताने काढायचे, आणि ते पाहायला आलेल्यांनी पुन्हा यंत्राने टिपून जगभर पाठवायचे, असा हा गमतीचा फेरा आहे.

अशी हौस फक्त आपल्यालाच आहे असे नव्हे. फ्रान्समध्ये लिआँ म्हणून शहर आहे. तिथल्या ल्युमिएर बंधूंनी मार्च १८९५ मध्ये आपल्याच कारखान्याच्या दारात कॅमेरा उभा करून सुटी झालेले कामगार टिपले. त्या फिल्ममध्ये जाणाऱ्या-येणाऱ्यांत बहुतेक बायका आहेत, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या शहरात दर वर्षी ८ डिसेंबरच्या आसपास चार रात्री दिव्यांचा उत्सव असतो आणि जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर संगणकाच्या साहाय्याने हलती चित्रे सोडतात. भिंत जणू वितळते, खिडक्या नाचू लागतात. आपल्याकडेही १ ते ४ मे २०२५ या दिवसांत वांद्रे-कुर्ला संकुलात जे मोठे संमेलन भरले, त्यात भारतीय कलेचा जुना प्रवास नव्या यंत्रांतून दाखवणारे एक दालन होते. थोडक्यात, सिनेमा पडद्यावरून उतरून आता शहराच्या अंगावर आला आहे.

हे सगळे पाहून मी खूश होतो. एकच गोष्ट मनात रेंगाळत राहिली. वांद्र्याच्या भिंतींवर मी जे पाहिले ते चेहरे होते. नायकाचे, नायिकेचे, फार तर दादासाहेबांचे. त्यांच्याकडे पाहणारा माणूस त्या चित्रांत कुठे नव्हता. सिनेमाचा वारसा म्हणजे ज्यांना पाहिले त्यांचा, की ज्यांनी पाहिले त्यांचाही? हा प्रश्न मला वांद्र्यात सुचला खरा, पण त्याचे उत्तर संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसने सासुरवाडीला न्यायचे आहे, याची मला कल्पना नव्हती.

विदर्भ एक्सप्रेस ही मोठी कर्तव्यकठोर गाडी आहे. शेगावला ती प्रवाशाला अशा वेळी उतरवते की जेव्हा झोप संपलेली नसते आणि चहा सुरू झालेला नसतो. फलाटावर दिंडीतल्या मंडळींची पथारी पसरलेली, टाळ पिशवीत गुंडाळलेले. उजाडल्यावर एस.टी. मिळाली. शेगाव सुटले की दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरत जाते. त्या दिवसांत कपाशी फुटलेली असते आणि वेचणी जोरात असते. या भागात वेचणीच्या आरंभी ‘सीतादही’ करतात. शेतातच पूजा मांडून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग कपाशीला हात लावायचा. बसमधली एक बाई आपल्या शेजारणीला सांगत होती, की मजूर मिळत नाहीत आणि मिळालेच तर भाव ऐकून सीतेलाच घाम फुटेल.

पूर्णेचा पूल ओलांडला की खारपाणपट्टा जाणवू लागतो. पूर्णेच्या दोन्ही काठांवर, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. इथल्या भूगर्भातले पाणी मचूळ. विहीर खणावी तर खारट लागते. वर्षानुवर्षे हे पाणी पिऊन इथल्या माणसांच्या मूत्रपिंडांनी फार सोसले आहे. अलीकडे वान नदीच्या धरणाचे गोडे पाणी नळाने आले, तेव्हा कुठे घसा ओला झाला. मुंबईकराने पहिला घोट घेऊन तोंड वाकडे केले की सासुरवाडीला ती अनेक वर्षे पुरणारी करमणूक होते. माझ्या तोंडाचा तो आकार अजून तिथे नकलेत जिवंत आहे.

दुपारी भाकरी, वांग्याचे भरीत आणि तोंडाला पाणी व डोळ्यांनाही पाणी आणणारा ठेचा असे जेवण झाले. मग ओसरीवर बसून नातीने आपली वही सर्वांना वाचून दाखवली. सासरच्या मंडळींत सर्वांत वडील म्हणजे माझ्या पत्नीच्या आत्याबाई. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे माहेर सोनाळा, संग्रामपूर तालुक्यातलेच, सातपुड्याला अधिक लगटून असलेले. ऐकू थोडे कमी येते, पण जे ऐकायचे ते सगळे येते. वही संपल्यावर त्यांनी मला विचारले,

“हे समदं पुढून पाह्यलेलं आहे ना, जवाईबुवा?”

मला प्रश्नच कळला नाही. “पुढून म्हणजे, आत्याबाई?”

“मंग? आमी कुठं पुढून पाह्यतो? आमचा सिनेमा मांगून.”

आणि मग त्यांनी जे सांगितले ते मी आजवर पन्नास दिवाळी अंक वाचूनही कुठे वाचले नव्हते. सोनाळ्याला सोनाजीमहाराजांची यात्रा भरे. यात्रेत तंबूतला सिनेमा येई. मोटारीवर भोंगा लावून दिवसभर गावोगाव ओरडत फिरायचे आणि अंधार पडला की तंबूत खेळ. तंबूच्या मधोमध कापडी पडदा. एका बाजूला पुरुष बसत, दुसऱ्या बाजूला बायका. यंत्र अर्थातच पुरुषांच्या बाजूला. त्यांना चित्र सरळ दिसे. पडद्यातून आरपार येणारा उजेड जो काय असेल तो बायकांचा.

“आमाले समदं उलटं दिसे,” आत्याबाई म्हणाल्या. “पडद्यावरचे समदे डाव्या हातानं जेवत. मले वाटे, सिनेमावाल्याइची रीतच अशी असंन. मोठी माणसं, त्याइले कोण बोलनार? तलवार बी डाव्या हातात. नवरदेव-नवरी बी उलटे बसेत.”

सगळे घर हसले. नात हसली नाही. तिने वही उघडली.

“आणि अक्षरं, आजी?”

“ते बी उलटे. पण तवा कोणाले वाचता येत होतं? मी चौथी शिकेल, तं मीच वाचो समद्याइले. उलटं वाच्याची सवयच लागली मले.” एवढे बोलून त्या उठल्या, अंगणात दिवाळीची रांगोळी काढून झाली होती, तिच्या कडेला त्यांनी चिमटीने शब्द सोडायला सुरुवात केली. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक वळण उलटे. आम्ही सगळे माना वाकड्या करून पाहत होतो. नातीने आईच्या पर्समधला आरसा आणून धरला, तेव्हा त्यात स्पष्ट वाचता आले : ‘मध्यंतर’.

मी जुन्या पुस्तकांचा थोडाफार नाद असलेला माणूस आहे, त्यामुळे मला एकदम १८९६ साल आठवले. त्या वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंच्या माणसाने मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये हिंदुस्थानातला पहिला सिनेमा दाखवला. रुपया तिकीट होते. पुढे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात गेला आणि महिना संपायच्या आतच पडदानशीन बायकांसाठी राखीव बॉक्सची जाहिरात झळकली. म्हणजे चित्रे हलू लागून चार आठवडे झाले नाहीत तोच बायकांनी ती कुठे बसून पाहावी हा प्रश्न पुढे आला. मुंबईत त्याचे उत्तर राखीव बॉक्स हे निघाले. सोनाळ्याला ते पडद्याची मागली बाजू हे निघाले. फिरत्या तंबूंवर अलीकडे बरेच लिहिले आणि टिपले गेले आहे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमागून वर्षानुवर्षे फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ साली तो कान महोत्सवात गाजला. रिळांची यंत्रे मोडीत निघून तंबूत संगणकाची यंत्रे येण्याचा काळ त्यात पकडला आहे. पण पडद्यामागून दिसणाऱ्या चित्राचे काय झाले? ते कुठल्याच रिळावर नव्हते. ते फक्त बघणारीच्या डोळ्यांत होते, आणि त्या डोळ्यांतले बहुतेक आता मिटले आहेत.

एरवी रिळांचे तरी काय झाले म्हणा! मूकपटांच्या जमान्यात हिंदुस्थानात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यांपैकी आज जेमतेम तीस शिल्लक असतील. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ज्याला पाहायला झुंबड उडाली तो पहिला बोलपट ‘आलम आरा’ आज पाहायला मिळत नाही. त्याची एकही प्रत उरलेली नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असे, ती गवताच्या गंजीपेक्षा लवकर पेट घेई. लोक त्यातली चांदी काढण्यासाठी रिळे वितळवत. पुण्याचे चित्रपट-संग्रहालय १९६४ साली निघाले आणि नायर नावाच्या धुनी माणसाने गावोगाव फिरून मिळेल ते गोळा केले, म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळे तरी आपण पाहतो. तरीही २००३च्या जानेवारीत पुण्यातल्या नायट्रेटच्या कोठीला आग लागून पुष्कळसे गेलेच.

आता संगणक आला आहे, आणि याबाबतीत मी त्याचा निःसंशय चाहता आहे. सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने दोन तासांच्या बोलपटात एक लाख बहात्तर हजार आठशे चित्रे होतात. त्यांतले एकेक चित्र यंत्राने टिपायचे, त्यावरचा ओरखडा, बुरशीचा डाग, फाटलेली कड बाजूच्या चित्रांवरून ताडून दुरुस्त करायची, असे हे जोंधळ्याचे दाणे निवडण्यासारखे काम आहे. निवडणारा मात्र शहाणा हवा. खडा समजून दाणाच फेकला तर मूळ चित्र राहत नाही, आपल्याला आवडेल असे नवे काही तरी होते. ‘मुघल-ए-आझम’ २००४ साली पुरता रंगीत करून दाखवला. लोकांनी रांगा लावल्या, जाणत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मला त्या रंगीत रूपात काही गैर वाटले नाही, जोवर मूळचे काळे-पांढरे जपून आहे तोवर. नवी साडी नेसवा, पण जुनी बोहारणीला देऊ नका.

संध्याकाळी माझ्या मेहुण्याच्या मुलाने एक कल्पना काढली. तो संगणकाचा वर्ग चालवतो आणि त्याच्याजवळ शिकवण्यासाठी घेतलेला छोटा प्रोजेक्टर आहे. “मामाजी, आजीले आपण सिनेमाच दाखवू. मांगून!” आत्याबाईंना विचारले, कुठला पाहाल? क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, तुकाराम. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा, आत्याबाईंच्या जन्माआधीचा. पण तंबूवाल्यांना त्याच्याइतका हुकमी चित्रपट दुसरा नव्हता. दामले-फत्तेलालांनी केलेला हा बोलपट मुंबईत वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आता तो फोनवर बसल्या जागी सापडतो.

अंगणात दोन खांबांना पांढरी चादर बांधली. चाचणी घेतली तर पुढून झकास, मागून मिट्ट काळोख. चादर जाड होती. मग सासऱ्यांच्या ट्रंकेतून एक विरलेले धोतर निघाले. ते लावल्यावर मागे पुसट चित्र उमटले, धुक्यात माणसे हलावीत तसे. मुलगा प्रोजेक्टरची बटणे फिरवू लागला. आत्याबाई खुर्चीतून म्हणाल्या, “बटन काय पिळतो? पाणी मार त्याले.” बादलीभर पाणी आणून धोतरावर शिंपडले आणि खरोखर जादू झाली. कोरड्या कापडाच्या धाग्यांमधल्या पोकळ्यांत उजेड विखरून अडकतो; पाण्याने त्या भरल्या की तो आरपार जातो. पदार्थविज्ञानातले हे कलम आमच्या पदवीधर भाच्याला ठाऊक नव्हते आणि चौथी शिकलेल्या आत्याबाईंना ठाऊक होते. “तंबूवाला दर खेळाले भिजवे,” एवढेच त्या म्हणाल्या.

बातमी गल्लीभर झाली. एकेक करून शेजारणी आल्या, कुणी पाट घेऊन, कुणी नातू कडेवर घेऊन. पुरुष मंडळी आली ती फराळाचा वास काढत. यंत्राच्या बाजूला सतरंजी घातली होती, तिच्यावर सर्वांनी एकत्रच बसायचे होते, कारण काळ बदलला आहे. तरण्या मुली तिथे पहिल्या रांगेत बसल्यादेखील. पण साठी उलटलेल्या पाच-सहा जणी धोतराला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि आत्याबाईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. त्यांना कुणी सांगितले नव्हते.

चित्रपट सुरू होण्याआधी भाच्याने आणखी एक युक्ती सांगितली. प्रोजेक्टरमध्ये अशी सोय असते की एक बटण दाबले की चित्र उजव्याचे डावे होते. मागून पाहणाऱ्यांना सरळ दिसते. मोठ्या सभागृहांत पडद्यामागे यंत्र ठेवतात, तेव्हा ती वापरतात. “आजी, तुले सरळ करून देऊ का?”

“आन् पुढच्याइचं काय?”

“त्याइले उलटं दिसंन.”

आत्याबाईंनी थोडा विचार केला. मला वाटले, पासष्ट वर्षांचा हिशेब आज चुकता होणार. पुरुषांना एक रात्र डाव्या हाताने जेवणारा तुकाराम पाहू दे, असे त्या म्हणतील. निदान मी तरी म्हटले असते. त्या म्हणाल्या, “राहू दे. मले ह्याच बाजूचा ठावूक आहे.”

मी सुरुवातीला पुढे बसलो होतो. पाव तास झाल्यावर नात दिसेना म्हणून उठलो, तर ती वही घेऊन पलीकडे आत्याबाईंच्या पायाशी बसलेली. मीही तिथेच टेकलो. आणि वाचकहो, काय सांगू! ‘संत तुकाराम’ मी किती वेळा पाहिला असेन याची गणती नाही. पण ओल्या धोतरातून झिरपणारे ते चित्र मला अगदी अनोळखी वाटले. माणसे भलत्याच बाजूने येत होती, भलत्याच बाजूला जात होती. उजेड मऊ झाला होता. वारा आला की सगळे देहू गाव हलके झुलत होते. आणि त्या बायका! पुढच्या बाजूला चित्रपट चालला होता, इथे त्याच्याशी बोलणे चालले होते. गौरीबाईंची आवली नवऱ्याला फैलावर घेऊ लागली, की इकडून “बरोब्बर बोल्ली!” असा पाठिंबा मिळे. तुकोबांच्या वैराग्यावर पुढच्या बाजूने भक्तिभावाने माना डोलत होत्या. मागल्या बाजूला घरातले दाणे संपल्याची काळजी अधिक होती. एकच चित्रपट, एकच उजेड, पण दोन्हीकडे दोन निराळे खेळ चालले होते.

मग पडद्यावर विठ्ठलाची मूर्ती आली. कटीवर दोन्ही कर, समचरण. आत्याबाईंनी माझ्याकडे वळून हळूच सांगितले,

“पाह्यलं? समदे उलटे झाले, पण इठोबा दोन्हीकून सारखाच.”

नातीने ते अंधारातच वहीत उतरवले. अक्षरे एकमेकांवर चढली, तरी ते पान तिने फाडू दिले नाही. पुढे मध्यंतर नव्हते, कारण फोनवरच्या चित्रपटाला ते नसते. आत्याबाईंना ते खटकले. बायकांनी आपण होऊन मध्यंतर घेतले, फराळाची ताटे फिरली, धोतरावर पुन्हा पाणी मारले आणि मग खेळ पुढे सुरू झाला. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. गरुडाचे विमान आमच्या बाजूने पाहता भलत्याच दिशेला चालले होते. पण वैकुंठ नेमके कोणत्या दिशेला आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चहा घेत होतो. धोतर दोरीवर वाळत होते. रांगोळीतले उलटे ‘मध्यंतर’ कोंबड्यांनी अर्धे पुसले होते. आत्याबाई तुळशीला पाणी घालून आल्या आणि समोर बसून म्हणाल्या,

“जवाईबुवा, तुमच्या मुंबईच्या त्या महालात लय यंत्रं हायेत म्हंता. त्यात मांगून पाह्याची सोय आहे का?”

मी म्हटले, चौकशी करून पाहतो.

“करा,” त्या म्हणाल्या. “म्हंजे आमी आलो तं बसू कुठं, ते ठरवाले बरं.”